समुद्राकाठच्या गावात राहताय? सरकारी खबर मुदतीआधी हातात कशी येईल ते सांगतो

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतले माड आडवे झाले, कौलं उडाली, लाईट कितीतरी दिवस नव्हती. पंचनामे झाले, मग याद्या लागल्या, त्यात शेजारच्या काकींचं नाव होतं पण बँक खात्याच्या नंबरात एक आकडा चुकलेला. यादी बोर्डावर लागली होती, दुरुस्तीला मुदतपण दिली होती, आणि आम्हाला हे कळलं मुदत संपून चार दिवस झाल्यावर. कोणीतरी ग्रुपवर फोटो टाकलेला, पण गुड मॉर्निंग आणि वाढदिवसाच्या गर्दीत तो कुठे वर गेला कोणाला दिसलाच नाही. काकी पुढे कित्येक महिने तालुक्याला खेपा घालत होत्या, प्रत्येक खेपेला एसटीचं तिकीट आणि अख्खा दिवस मोडायचा.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलोय आणि जे शिकलो ते इथे ओळीने लिहितोय. मी मालवण तालुक्यातला, म्हणून उदाहरणं सिंधुदुर्गातली येतील, पण रत्नागिरी, रायगड, पालघरवाल्यांना जवळपास सगळंच लागू आहे. गोव्यातला पंचायत कायदा वेगळा आहे, तिथल्या मंडळींनी ग्रामसभेचा भाग सोडून सीआरझेड (म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे केंद्राचे नियम) आणि हवामानाचं तेवढं वाचा.

पहिलं काम: कोणाचा निर्णय कोणाकडे, ते एका कागदावर लिहा

आपल्याकडे सगळ्यात मोठी गडबड इथेच होते, काहीही झालं की आपण सरपंचांकडे जातो. डोंगरावरच्या गावात ते बरंचसं चालून जातं, किनाऱ्यावर नाही चालत, कारण आपल्या गावावर सहा-सात खाती एकाच वेळी कागद काढत असतात. दिवाबत्ती, नळपाणी, घरपट्टी, वाडीतल्या वाटा आणि कचरा ग्रामपंचायतीकडे. सातबारा आणि नुकसानीचा पंचनामा महसूलकडे, म्हणजे तलाठी आणि वर तहसीलदार. होडीचं रजिस्ट्रेशन, मासेमारीचा परवाना, बंदीचे आदेश मत्स्यव्यवसाय खात्याकडे. जेटी आणि प्रवासी बोटी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे. समुद्राने किनारा खाल्ला आणि धूपप्रतिबंधक बंधारा पाहिजे असेल तर पत्तन विभाग, पण खाडीचं खारं पाणी शेतात शिरतंय आणि खारबंधारा फुटलाय तर खारभूमी विकास विभाग. हे दोन बंधारे वेगळे, खाती वेगळी, आणि चुकीच्या खात्याला दिलेला अर्ज महिनोन्महिने तिथेच पडून राहिलेला मी स्वतः बघितलाय. कांदळवन असेल तर कांदळवन कक्ष.

अजून एक, 2024 मध्ये सरकारने पदांची नावं बदलली. ग्रामसेवक आता ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी. बोलताना आपण जुनंच बोलणार, मीही खाली जुनीच नावं वापरलीत, पण अर्जावर नवीन नाव घाला.

या कागदाखाली फोन नंबर लिहून तो देवघराशेजारी किंवा फ्रिजवर चिकटवा. मोबाईलमध्ये असतातच सगळ्यांकडे, पण वादळात मोबाईल बंद पडतो.

दुसरं: नाव गावाच्याच मतदार यादीत आहे ना ते बघा

ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस, घर आणि जमीन असून उपयोग नाही. मुंबईतली चाकरमानी मंडळी गणपतीला येतात, पोटतिडकीने बोलतात, आणि बऱ्याच जणांचं नाव मुंबईच्या यादीत असतं. ते बोलू नयेत असं माझं म्हणणं नाही, उलट त्यांना कागदपत्रांची जाण असते, ते अर्ज लिहायला मदत करू शकतात, माहिती अधिकार कुठूनही टाकू शकतात. फक्त ठरावाला हात वर करायचा हक्क यादीतल्या माणसाचा, म्हणून घरातल्या गावी राहणाऱ्या सगळ्यांची नावं, नवीन सुनांची आणि 18 पूर्ण झालेल्या पोरांची, चढवून घ्या.

तिसरं: ग्रामसभा, आणि इथे जरा सविस्तर सांगतो

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 7 प्रमाणे आर्थिक वर्षात कमीत कमी चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर किंवा त्याच्या आसपास होतात. सबळ कारण नसताना सभा घेतल्याच नाहीत तर सरपंचांचं पद जाऊ शकतं इतकी ही गोष्ट कडक आहे. साध्या सभेची नोटीस सात दिवस आधी निघायला पाहिजे, विशेष सभेची चार दिवस आधी. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, आमच्याकडे बरीच वर्षं ती नुसती कागदावर होती, बायकांनी विचारायला सुरुवात केल्यावर भरायला लागली आणि आता पाण्याचे सगळे विषय तिथूनच येतात.

नोटीस लागली की अजेंड्याचा फोटो काढा. मोठे विषय कधीकधी शेवटच्या ओळीत "ऐनवेळी येणारे विषय" मध्ये येतात, त्यामुळे चहा झाला म्हणून उठून जाऊ नका.

तुम्हाला एखादा विषय मांडायचा असेल तर सभेत उठून बोलण्यावर भागवू नका, आठवडाभर आधी लेखी अर्ज द्या, दोन प्रती घेऊन जा, एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. ती पोच म्हणजे तुमचं हत्यार. "तोंडी सांगितलं होतं" याला कुठेच किंमत नाही हे मी फार उशिरा शिकलो.

आता कोरम. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यातला जो आकडा कमी असेल तितकी माणसं लागतात. ती भरली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते! म्हणजे पहिल्या सभेला 60 जण येऊन परत गेले आणि तहकूब सभेला 15 जण बसले तरी तिथे झालेला ठराव गावाचाच ठराव धरला जातो. तहकूब सभेची तारीख तिथल्या तिथे विचारून घ्या, आणि या सभेला तर नक्की जा. मला विचाराल तर वर्षात एकच सभा जमणार असेल तर तहकूब झालेली गाठा.

सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला सांगा, तुमच्या विषयावर ठराव झाला तर ठराव नंबर वहीत लिहा, सूचक अनुमोदक कोण तेही लिहा, आणि नंतर ठरावाची नक्कल मागा. पुढे तालुक्याला, जिल्ह्याला कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न हाच येतो की ठराव आहे का. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षणाच्या शंका मांडायच्या असतात, ती चुकवू नका. मुदत संपून पंचायतीवर प्रशासक बसला असेल तरी ग्रामसभा थांबत नाही, "आता बॉडी नाही म्हणून सभा नाही" असं कोणी सांगितलं तर ते ऐकून गप्प बसू नका.

चौथं: पैसा कुठे गेला ते घरबसल्या बघता येतं

ई-ग्रामस्वराज ही केंद्राची वेबसाईट 24 एप्रिल 2020 ला सुरू झाली, आणि मेरी पंचायत नावाचं ॲपपण आहे, दोन्हीकडे लॉगिनशिवाय बघता येतं. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडलं की मंजूर आराखडा दिसतो, कोणत्या कामाला किती रक्कम धरली ते दिसतं, खर्च पडल्याच्या नोंदी दिसतात. पहिल्यांदा गोंधळायला होतं कारण कामांची नावं विचित्र इंग्रजीत टाकलेली असतात, पण गावात कॉलेजला जाणारं एखादं पोर असतंच, त्याला सोबत घेऊन बसा, अर्ध्या तासात हात बसतो.

बघताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के हिस्सा बंधित होता, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छतेवरच घालायचा, बाकी 40 टक्के अबंधित. किनाऱ्यावर ज्या गावांत उन्हाळ्यात विहिरी मचूळ होतात तिथे पाण्याची ही रक्कम फार मोलाची असते. पुढच्या वर्षाचा आराखडा, आमचं गाव आमचा विकास, दरवर्षी 2 ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो. काम आराखड्यात घुसवायचं असेल तर तेव्हा बोलायचं, मार्चमध्ये बोलून काही होत नाही.

पाचवं: सीआरझेड, ज्यावर सगळ्यात जास्त अफवा फिरतात

"सीआरझेड उठला", "आता 50 मीटरवर बांधता येतं", "सगळी घरं पाडणार", असे तिन्ही प्रकारचे मेसेज मला एकाच महिन्यात आलेले आहेत. खरं काय ते नीट समजून घ्या, कारण यात लोकांनी आयुष्याची कमाई घातलेली असते.

पहिली अधिसूचना 1991 ची, मग 2011 ची आणि नंतर 18 जानेवारी 2019 ची. या 2019 वाल्यात ग्रामीण भागाचे दोन भाग केले. 2011 च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोकवस्ती असलेली गावं एका भागात, तिथे भरतीरेषेपासून 50 मीटर ना विकास क्षेत्र, म्हणजे जिथे एरवी नवं बांधकाम करता येत नाही असा पट्टा. बाकीची दुसऱ्या भागात, तिथे 200 मीटर. तो 50 मीटरचा मेसेज अर्धवट खरा असतो तो यामुळे. आमच्या अख्ख्या सिंधुदुर्गाची घनता 2011 ला 163 होती, त्यामुळे इथल्या बहुतेक गावांनी 200 मीटर धरूनच चालावं. खाडीकाठाला मात्र 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते.

या 200 मीटरच्या पट्ट्यातसुद्धा 100 ते 200 मीटरच्या मध्ये पारंपरिक किनारी समाजाला, म्हणजे मच्छीमार आणि इतर स्थानिकांना, राहतं घर बांधायला किंवा दुरुस्त करायला परवानगी मिळू शकते, उंची 9 मीटरपर्यंत, तळमजला आणि वर एक. असलेल्या घराचा जोता, आराखडा, दर्शनी भाग न बदलता होमस्टे चालवायलाही 2019 च्या अधिसूचनेत जागा आहे. ही कलमं आपल्या बाजूची आहेत आणि आपल्यालाच ठाऊक नसतात.

करायचं काय तर महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या वेबसाईटवर जिल्ह्याप्रमाणे नकाशे असतात, आपल्या गावाचा कोणता शीट ते शोधून पीडीएफ उतरवा. 1:25000 चा नकाशा नुसता अंदाज द्यायला बरा, त्यावरून आपलं घर रेषेच्या आत की बाहेर हे ठरवू नका, त्यासाठी 1:4000 चा गावपातळीवरचा नकाशा बघायचा ज्यात सर्व्हे नंबर दिसतात. त्यावर आपला सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर खुणावून ठेवा. नकाशावरची रेषाच चुकलीय असं वाटत असेल तर केंद्राने ठरवलेल्या अधिकृत संस्थेकडूनच भरतीरेषेचं सीमांकन करून घ्यावं लागतं, खाजगी सर्व्हेयरचा कागद तिथे चालत नाही, पैसे वाया घालवू नका.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे सीआरझेडची परवानगी नव्हे. आणि घरपट्टी लागली, नमुना 8 ला, म्हणजे पंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, नाव चढलं, म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असंही नाही. या दोन गैरसमजांवर विश्वास ठेवून लोकांनी कर्ज काढून खोल्या बांधल्या आणि नंतर नोटीस हातात पडली, अशी घरं प्रत्येक किनाऱ्यावर सापडतील.

तक्रार किंवा म्हणणं मांडायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असते, आणि तिच्यावर स्थानिक पारंपरिक किनारी समाजाचे निदान तीन प्रतिनिधी असायला पाहिजेत असं अधिसूचनेतच लिहिलंय. तुमच्या जिल्ह्यात ते तिघं कोण आहेत ते विचारा. आमच्याकडे मी दहा जणांना विचारलं तेव्हा एकालाही सांगता आलं नव्हतं.

मोठा प्रकल्प येत असेल, बंदर असो की कारखाना, आणि त्याला जनसुनावणी लागत असेल, तर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे निदान 30 दिवस आधी जाहीर नोटीस निघते, वर्तमानपत्रात येते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि ग्रामपंचायतीत बघायला ठेवतात आणि सारांश मराठीत द्यावा लागतो. त्या 30 दिवसांत सगळा अहवाल वाचायला जमत नाही, म्हणून वाडीत पानं वाटून घ्या, एकाने पाण्याचं वाचायचं, एकाने मासेमारीचं, एकाने रस्त्याचं. हरकती लेखी द्या, पोच घ्या.

सहावं: समुद्राची खबर

वर्षाचं पहिलं गणित सोपं आहे, 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना बंदी, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट. पण दरवर्षीचा आदेश मत्स्यव्यवसाय खात्याकडून येतो तो वाचा, आणि तो, तसंच डिझेल परताव्याची किंवा योजनांची पत्रं, बहुतेक वेळा मच्छीमार सोसायटीच्या बोर्डावर लागतात. होडी नसलेल्यांनीपण तो बोर्ड बघायची सवय ठेवावी.

हवामानाचं मूळ ठिकाण भारतीय हवामान खातं, मुंबईचं प्रादेशिक केंद्र जिल्हावार इशारे देतं, पिवळा, नारिंगी, लाल. चक्रीवादळाचे इशारे टप्प्याने येतात, पहिली सूचना साधारण 72 तास आधी, मग 48, मग 24. म्हणजे 72 तासांची सूचना आली की होड्या वर ओढायला, कौलं बांधायला दोन-तीन दिवस हातात असतात, 24 तासांची आली की फक्त माणसं आणि गुरं हलवायची. 2009 च्या नोव्हेंबरातलं फयान वादळ ज्यांनी बघितलं ते याबाबतीत थट्टा करत नाहीत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात घुसलं, दापोली-मंडणगडपर्यंत बागा उद्ध्वस्त झाल्या, आणि त्यानंतर अकरा-बारा महिन्यांत तौक्ते.

बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याची खूण, लागला की पुढची चर्चा नको, होडी लोटायची नाही. आणि इथे एक कमी माहीत असलेली गोष्ट, हैदराबादची इन्कॉइस संस्था लाटांचे वेगळे इशारे देते. वारा नाही, आभाळ स्वच्छ, तरी लांब कुठल्या तरी वादळाची फुगलेली लाट किनाऱ्यावर येते आणि खेळायला गेलेली पोरं, पर्यटक त्यात सापडतात. आवस-पुनवेच्या उधाणाला असा इशारा असेल तर तो लगेच वाडीत सांगा आणि होमस्टेवाल्यांनी पाहुण्यांना तोंडी सांगायलाच पाहिजे.

नंबर पाठ असू द्या: समुद्रात अडकलं तर तटरक्षक दल 1554, जिल्हा नियंत्रण कक्ष 1077, बाकी कशालाही 112. सचेत नावाचं सरकारी ॲप टाकून ठेवा, आपल्या जिल्ह्याचे इशारे मराठीत येतात.

सातवं: नुकसान झालं तर

पंचनामा व्हायच्या आधी साफसफाई करायची घाई होते, साहजिक आहे, घरात पाणी गळत असतं. पण आधी फोटो आणि व्हिडिओ, चारही बाजूंनी, घर नंबर दिसेल असे, लोकेशन आणि तारीख चालू ठेवून. मग ताडपत्री. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि बागायतीसाठी कृषी सहायक मिळून करतात, होडी-जाळ्यांचा मत्स्यव्यवसाय खात्याचा माणूस. पंच म्हणून सही करताना आणि स्वतःच्या नुकसानीवर सही करताना वाचून करा. घराचं अंशतः नुकसान किमान 15 टक्के असेल तरच निकषात बसतं, त्यामुळे "थोडी पडझड" एवढंच लिहिलं असेल तर तिथेच थांबवा आणि नेमकं काय पडलं ते लिहायला लावा, किती कौलं, कोणती भिंत, किती माड.

पुढे यादी लागते, तलाठी सजावर आणि ग्रामपंचायतीत. चार गोष्टी तपासा: नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे, खाते नंबर, आयएफएससी, आणि रक्कम. शेती-बागायतीच्या अनुदानाला विशिष्ट क्रमांक येतो, लोक व्हीके नंबर म्हणतात, तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा देऊन ई-केवायसी करावी लागते, ती केली नाही तर मंजूर रक्कमसुद्धा खात्यात येत नाही. सामाईक सातबारा असेल, आणि कोकणात कोणाचा नसतो, तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र मागतात. मुंबई-पुण्याच्या भावंडांकडून ते गणपतीतच सही करून घेऊन ठेवलेलं बरं.

आठवं: उत्तर मिळत नसेल तर

माहिती अधिकार, 2005 चा कायदा. साध्या कागदावर अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत. "का केलं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. कागद मागा: अमुक तारखेच्या सभेचं इतिवृत्त, अमुक कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची नक्कल, बिलाची नक्कल. 30 दिवसांत उत्तर, नक्कल पानाला 2 रुपये. नाही आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील, ग्रामपंचायतीच्या बाबतीत ते पंचायत समितीत, 20 रुपयांचा स्टॅम्प, आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, आपल्याला कोकण खंडपीठ लागतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथेही लेखी तक्रार घेऊन जाता येतं.

नववं: हे सगळं वाडीपर्यंत पोचवायचं कसं

आम्ही वेगळा ग्रुप काढला ज्यात फक्त चार जणांना मेसेज टाकता येतो, बाकी सगळे वाचणार. चौघांत एक बाई पाहिजेच, एक होडीवाला पाहिजेच. नियम एवढाच की कागदाचा फोटो नसेल तर मेसेज टाकायचा नाही. मेसेजचा साचा ठरलेला आहे, आठवड्याला दोन-तीनपेक्षा जास्त नसतात, म्हणून लोक वाचतात:

कोणी काढलं: ग्रामपंचायत
कागदाची तारीख: अमुक
विषय: पाणीपट्टीचे नवीन दर, हरकती मागवल्यात
शेवटची तारीख: अमुक, वार शुक्रवार
काय करायचं: लेखी हरकत, दोन प्रती
कुठे: ग्रामपंचायत कार्यालय, पोच घेणे

शेवटच्या तारखेच्या आधी दोन दिवस तोच मेसेज परत. नुसती तारीख लोकांच्या लक्षात राहत नाही, वार राहतो, म्हणून वार लिहायचाच.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांची यादी केली, आमच्या वाडीत 23 घरं निघाली, बहुतेक म्हातारी माणसं एकटी राहणारी. ती पाच जणांत वाटून घेतली, मेसेज आला की आपापल्या घरांना साधा फोन करायचा, नाही उचलला तर संध्याकाळी खळ्यात जाऊन सांगायचं. काकींचं घर माझ्या वाट्याला आहे, आणि कागद माझ्याकडून वाचून घेतला तरी त्या खाते नंबर स्वतः बोट ठेवून आकडा आकडा तपासतात.